नुसती माती

"एक्सलंट, सूर्यकांतजी! बोने से काटने तक, सिर्फ दो मिनट में!"

प्रिन्सिपल मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पाहुण्यांनीही वाजवल्या. स्मार्ट बोर्डावरच्या व्हिडिओत कोथिंबिरीचा वाफा हिरवागार होऊन थांबला होता. बाजूला सूर्यकांत सर अवघडून उभे होते. दिल्लीच्या त्या शाळेत ते केस पिकेपर्यंत शेती शिकवत आले होते. पण त्यांच्या विषयाला हॉलमध्ये टाळ्या पहिल्यांदाच पडत होत्या.

वाफा शाळेच्या मागच्या भिंतीलगत होता. सरांनी तिथे बांबूला जुना फोन बांधला होता. तो तासातासाला फोटो काढायचा. पहाटेचं दव पडून काच धुरकट व्हायची, म्हणून मुलं पाळीपाळीने प्रार्थनेआधी येऊन ती पुसून जायची. सगळे फोटो सरांनी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये बसून जोडले, तेव्हा बायको विनया मागे येऊन उभी राहिली. ती केंद्र सरकारच्या नोकरीत. साहेबांची प्रेझेंटेशनं तीच बनवायची.

"अहो, ही नुसती माती किती वेळ? काही होतच नाहीये."

"धणे उगवायला वेळ घेतात गं."

"बिल्कुल घेत असतील. पण मुलं बोर होतील ना. काढा ते."

सरांना पटलं. त्यांनी व्हिडिओतून ती माती काढली. आता धणे पेरले की लगेच कोंब दिसत होता.

टाळ्यांनंतर मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"पीछे वाली जमीन अब खाली कर दीजिए. बसें सड़क पर खड़ी रहती हैं, पेरेंट्स चिल्लाते हैं."

"लेकिन मॅडम, बच्चे वहाँ अपने हाथ से..."

"अब वीडियो है ना! आपने ही तो इतना अच्छा बनाया. हर साल फिर से क्यों उगाना?"

घरी विनयाने ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अच्छा! म्हणजे शेती बोर्डावर आणि बसगाड्या शेतात. मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणालो."

तव्यावरची पोळी करपली.

हिवाळ्याच्या सुट्टीत वाफ्यावर सिमेंटचे ठोकळे बसले. पुढच्या ऑक्टोबरात सरांनी नव्या आठवीला व्हिडिओ दाखवला आणि प्रत्येकाला माती भरलेला एक प्लास्टिकचा ट्रे दिला. ट्रे वर्गाच्या खिडकीत मांडले. धणे पेरले.

तिसऱ्या दिवशी वर्गात गलका.

"सर, बीज खराब है!" मृणाल म्हणाली. तिने पेन्सिलीने माती उकरून धणा बाहेर काढला होता. सगळ्यांनीच काढले होते. वर आलेले धणे उन्हात वाळत पडले होते. "वीडियो में तो फटाफट निकलता है."

सर रागावले नाहीत. पोरांवर रागवायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी धणे ओंजळीत गोळा केले, रुमालात बांधले. घरी जाऊन जुना फोन शोधला. काढून टाकलेली माती त्यात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बोर्डावर लावली. माती. उजेड आला, गेला. माती ओली झाली, सुकली. एकदा कुणाची तरी सावली पडून गेली. काच पुसायला आलेलं पोर असावं. परत माती.

मुलांनी आधी थोडा वेळ बघितलं. मग एकमेकांना कोपरं मारू लागली.

"सर, हँग हो गया!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

"नहीं बेटा. चल रहा है."

बाहेर ठोकळ्यांवर एक बस पीं पीं करत मागे येत होती. तेवढ्यात घंटा झाली. दप्तरं उचलून मुलं कॉम्प्युटरच्या तासाला पळाली.

सर मृणालच्या बाकावर बसले. बोर्डावर अजून मातीच होती.