अंधार पडस्तवर

पुण्याच्या इस्पितळात डागदरानं मला टेबलावर झोपवलं, बघितलं न बघितल्यागत केलं आन् लिहिलं, मूळव्याध. एकदा न्हाई, दोनदा. मलम देऊन वाटंला लावलं. आरं बाबा, झोपल्यावर ते आत जातंय, परसाकडला बसल्यावर भायेर येतंय, हे मी घसा फोडून सांगतीया तर ऐकायला नको. अडाणी बाईला काय कळतंय! आतडं माझं, आन् म्हाईत त्याला.

पिंपरीला नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं व्हतं. मी आन् माझा नवरा गेनबा कासारवाडीवरनं तिथं कामाला जायचो. डोईवर खडीच्या पाट्या. गडी मानसं कुठंबी आडोशाला जायची. आमा बायांनी पहाटं जायचं, न्हाईतर अंधार पडस्तवर कळ दाबायची. गावात बी तीच रीत. सासरी आल्यापास्नं अकरा वर्सं अशीच काढली. शेवटी शेवटी तर हातानं आत ढकलून पाटी उचलायची. सासूला, ठकुबाईला, सांगितलं तर म्हनाली, गप ऱ्हा, असलं बोलू नये.

तिसऱ्या खेपंला पुण्याच्या त्या इस्पितळात माझं डोस्कं फिरलं. टेबलावरनं उतरले, डागदराच्या म्होरं भुईवर उकिडवी बसले आन् जोर केला. चांगलं चार बोटं आतडं भायेर आलं, लालभडक. लाज? ती कवाच जळून गेली व्हती. त्याचं तोंड बघन्यासारखं झालं. पळत जाऊन मोठ्या डागदरांना घेऊन आला.

त्यांनी मातर नीट इचारलं. किती वर्सं झाली, रगत जातं का, कळ थांबती का, बाळंतपनं किती. बोट घालून आवळायला सांगितलं. म्हनाले, ही मूळव्याध न्हवं, आतडंच सुटून खाली घसरतंय. मंग पोट उघडून ते वर वढलं आन् आतल्या हाडाला टाक्यांनी बांधलं. घरी सोडताना गेनबाला बजावलं, सहा म्हैनं वझं न्हाई, कुंथायचं न्हाई, आन् कळ आली की लगेच जायचं. दाबून धरलं तर पुन्यांदा भायेर येईल.

घरी चौथ्या दिशी भर दुपारी कळ आली. गेनबा दारात आडवा आला.

"अंधार पडस्तवर थांब. पारावर मानसं बसल्यात."

"थांबूनच पोट फाडून घ्यायची पाळी आली," मी म्हनले. "बाजूला हो, न्हाईतर हितंच बसते."

झाला बाजूला. तांब्या घेतला आन् पारावरनंच गेले, भर उनात. बसल्याली मानसं माना खाली घालून भुई बघाय लागली. बघू द्या.

परतताना बांधाला सासू हुबी. आता अब्रूचं कीर्तन सुरू व्हनार म्हनून मी पदर खोचला. तर तिनं हळूच सांगितलं, तिचं बी इस वर्सं झाली भायेर येतंय.

इस वर्सं! समदं ठावं असून ह्या बाईनं मला गप बसवलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चार शब्द सुनवनारच व्हते, तवर तिनं माझा हात धरला.

"सरू, टाकं लई दुखत्यात का गं?"

"दुखत्यात," मी म्हनले. "पर उद्या चलायचं."