किल्लीबहाद्दर आणि कुलूपबंद फाइल

माझा धाकटा साडू कुलपांचा कारागीर. लोक त्याला किल्लीबहाद्दर म्हणतात, आणि हे नाव लोकांच्या तोंडी घालण्यासाठी त्यानं स्वतः कमी जोडे झिजवलेले नाहीत. त्याच्या घराच्या दाराला नऊ कुलपं. एकदा म्हणे एक चोर सहाव्या कुलपापर्यंत पोचला, तिथंच पायरीवर बसून रडला आणि आपली हत्यारं याच्या पायाशी ठेवून निघून गेला. मी त्यात एवढीच भर घालतो, की बिचाऱ्याला चहासुद्धा मिळाला नाही, कारण स्वयंपाकघराची किल्ली सापडत नव्हती.

या बहाद्दराला एक खोड आहे. बंद वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. औषधाची बाटली असो, पाहुण्याची बॅग असो, उघडल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, शिवणक्लास चालवते. बावीस वर्षांत बसवलेले चारशे दहा कटिंगचे नमुने तिनं घरच्या कॉम्प्युटरवर एकेक रेघ ओढून उतरवले होते. त्याचं पुस्तक निघायचं होतं. छापखानेवाला सोमवारपर्यंतच थांबणार होता. नंतर त्याचं मशीन वर्षभर शाळेच्या वह्यांना जुंपलं जाणार. दर शुक्रवारी मेहुणी सगळं काम एका छोट्या डिस्कवर उतरवायची, ती डिस्क काढायची आणि शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांखाली ठेवायची.

"त्या ड्रॉवरला कडीसुद्धा नाही," साडू नाक मुरडायचा. "आणि म्हणे सुरक्षित!"

"कॉम्प्युटरला जोडलेली नाही ना, म्हणून सुरक्षित," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची.

फसव्या मेलना भुलणाऱ्यांचा तर साडूला भारी तिटकारा. "परदेशातली कोण कुठली विधवा आपली इस्टेट यांच्या नावावर करणार! डोक्यात भुसा, दुसरं काय!" भुशाची पारख त्याला असणारच. घरचंच पीक.

गुरुवारी दुपारी मी चहाला गेलो तर स्वारी बायकोच्या कॉम्प्युटरसमोर. मेहुणी आतल्या खोलीत क्लास घेत होती. मेल आली होती: तुमचं पार्सल अडकलंय, तपशील सोबतच्या फाइलमध्ये. पार्सल यानं मागवलंच नव्हतं. शेळीसुद्धा इथंच थांबली असती.

"दादा, फाइलला कुलूप आहे," तो कुजबुजला. डोळ्यांत तीच ती बंद वस्तू दिसल्यावरची चमक.

"पासवर्ड खाली लिहिलाय की."

"बघू नका!" त्यानं पडद्यावर हात ठेवला. "दुसऱ्यानं दिलेल्या किल्लीनं मी उघडू? माझी काही इज्जत?"

"अरे, कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणारा माणूस तुला सरळ वाटतो?"

"अडाणी असेल," साडू म्हणाला.

अडीच तास झुंजला तो. माझे तीन कप झाले. शेवटी त्यानं एक, दोन, तीन, चार असे आकडे दाबले आणि फाइल उघडली. असा आनंद मी नवरदेवांच्या तोंडावरही पाहिलेला नाही. आत आणखी एक फाइल होती. तिच्यावर टिचकी मारताच लाल चौकट आली: हे धोक्याचं आहे, उघडू नका. साडूनं 'तरीही उघडा' दाबलं. "मला शिकवतंय!"

चहा निवायच्या आत पडदा काळा झाला. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी तर तीन दिवसांत पैसे भरा.

"किल्ली? मला? विकत?" साडू ताडकन उठला. बायकोचं पुस्तक बुडालं याचं काही नाही, पठ्ठ्याचा धंद्यात अपमान झाला होता! त्यानं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरचा स्टेथोस्कोप आणला आणि कॉम्प्युटरच्या पोटाला लावला. "खटका ऐकू येतोय," म्हणाला. तो पंखा होता. मग कुलपात घालायचं तेल त्यानं कीबोर्डात सोडलं. त्या कीबोर्डावर पुढे महिनाभर बोटं आपोआप घसरून मजकूर टाइप होत होता, असं मी सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं जाऊन हात लावून बघावा.

एवढ्यात मेहुणी बाहेर आली. पडद्यावरचा मजकूर वाचला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सोमवार," एवढंच म्हणाली.

"डिस्क!" साडूची ट्यूब पेटली. धावत जाऊन ड्रॉवरमधून डिस्क काढली आणि आता कॉम्प्युटरला खुपसणार, तोच मेहुणीची लाकडी फूटपट्टी त्याच्या मनगटावर बसली. डिस्क माझ्या कपात पडता पडता वाचली.

"अहो, आग लागलेल्या घरात दुसरं गाठोडं नेऊन टाकताय? तिलाही कुलूप बसेल! भाऊजी, आधी ती इंटरनेटची वायर उपटा."

मी उपटली. तिनं डिस्क पदराला बांधली आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी साडूकडे, मग स्टेथोस्कोपकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण?" मेहुणीनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"पैसे भरू नका," बाई म्हणाल्या. "चोर किल्ली देईलच असं नाही, पण तुम्ही पैसे देता हे त्याला कळेल."

शुक्रवारी दिवसभर बसून त्यांनी कॉम्प्युटर मुळापासून पुसला, सगळं नव्यानं भरलं, आणि मगच डिस्क जोडली. मेहुणीनं नमुने मोजले. तीनशे नव्व्याण्णव. गेल्या शुक्रवारनंतर काढलेले अकरा गेले होते. शनिवार-रविवार तिनं ते पुन्हा काढले. साडू रेघा ओढायला कागद धरून उभा होता. त्याच्या बुद्धीला झेपेल असं ते पहिलंच काम.

सोमवारी नमुने छापखान्यात पोचले. मंगळवारी साडू पितळेचं नवंकोरं कुलूप घेऊन मशीनपाशी आला. "आता तरी या ड्रॉवरला बसवू दे," म्हणाला.

मेहुणीनं पाय मशीनवरून काढलासुद्धा नाही.

"नको. कुलूप दिसलं की पहिले उघडणारे तुम्हीच."