हेमकांतच्या डब्यांचं अस्तर

हेमकांत आपल्या दोन डब्यांना जितका जीव लावायचा तितका गोठ्यातल्या म्हशीला लावला असता तर घरात तुपाची कमी पडली नसती, असं त्याची बायको दीपमाला चारचौघांत म्हणायची. डबे म्हणजे गिटारचे स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच बसवलेला, त्यामुळे वायर खोचली, बटण दाबलं की काम सुरू. शहाद्याच्या भाईदास नानांच्या बँडमध्ये हेमकांत लग्नाचं वय नव्हतं तेव्हापासून गिटार वाजवत होता आणि डबेही जवळजवळ तेव्हापासूनचेच होते. ते आता घुमायला लागले होते. पोट बिघडलेल्या माणसासारखे मध्येच गुरगुरायचे, आणि ते कोणी बोलून दाखवलं की हेमकांतला राग यायचा.

अशात अजित उगवला. पोरगा चांगला वाजवायचा, हे हेमकांतनेही मान्य केलं असतं, पण कुणी विचारलं तरच. अजितकडे सुरतेहून आणलेले नवे कोरे डबे होते. काळे, गुळगुळीत, एका हातात उचलता येतील असे. भाईदास नाना ते बघून असे खूश झाले की जणू घरात सून आली.

"बँडमा गिटारवाला एकच ऱ्हाई," नानांनी सांगून टाकलं. "आपली गल्लीनी पोर रविना, तिना लगीनमा दोन्हीस्ले ऐकसू, मंग ठरावसू."

हेमकांत घरी येऊन हिशेब मांडायला बसला. शेती होती, केळी होती, उपाशी कोणी मरणार नव्हतं. पण सीझनमध्ये गळ्यात गिटार नसेल तर आपण गावात नेमके कोण, हे त्याला कळत नव्हतं. तसले डबे नवे घ्यायचे तर म्हैस आणि तिची पारडी दोन्ही विकावी लागली असती. दीपमालाने तर त्याच्या तोंडाकडे बघूनच दोन्हींना गोठ्यात आतल्या बाजूला बांधलं.

मग त्याने एक दिवस अजितच्या डब्यांवर कलिंगड पारखावं तशी टिचकी मारून पाहिली. आवाज ठस्स आला. स्वतःच्या डब्यावर मारली तर रिकाम्या पिंपासारखा घुमला. म्हणजे महागाच्या डब्यात जादू वगैरे काही नव्हती. स्पीकर दमदार, लाकूड पक्कं आणि आतून अस्तर, एवढंच तर होतं. एवढं आपल्याला घरी जमणार नाही की काय? त्याने मोठ्या चुंबकाचे स्पीकर मागवले, आत सागाच्या पट्ट्या ठोकून डब्यांच्या फळ्या आवळल्या. राहिलं अस्तर. त्यासाठी जाड गोणपाट चालेल असं त्याच्या डोक्यात आलं, आणि गोणपाट म्हटल्यावर नंदुरबारचा मेहुणा पितांबर आठवला. डबे, गिटार आणि दीपमालाला घेऊन तो नंदुरबारला पोचला.

पितांबर मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला. त्याचं घर मिरचीच्या पथारीला लागूनच. पथारी म्हणजे मैलभर पसरलेला लाल गालिचा, ओली मिरची वाळत टाकलेली. हंगामात त्या भागात माणूस बोलायला तोंड उघडतो ते आधी खोकतो, आणि कोणी शिंकलं तर मागे वळूनही बघत नाहीत. पितांबरने तीन रिकामी पोती काढून दिली.

"झटकेल शेतस पाव्हणा," तो म्हणाला. "धूळबी नही त्यासमा."

तो खोटं बोलत नव्हता. बारा महिने मिरचीत वावरलेल्या नाकाला त्या पोत्यांत खरंच काही सापडलं नव्हतं. तिथेच अंगणात बसून हेमकांतने पोती कापली, डब्यांच्या आत सगळीकडे खिळे मारून घट्ट बसवली आणि गिटार जोडून वाजवून पाहिली. घुमणं बंद! आवाज कसा पोटातून पण स्वच्छ यायला लागला. ऐकणारे शिंकले, खोकले, डोळे पुसले, पण ते सकाळपासून तेच करत होते.

"आते नही घुमत," दीपमालाही भावाच्या ओट्यावरून म्हणाली. "पहिले कोन्हीतरी रांजणमा तोंड घाली गाई ऱ्हायना अशे वाटे."

बायकोकडून एवढं मिळालं म्हणजे सुवर्णपदकच. हेमकांत परतीच्या वाटेवर शीळ घालत होता.

रविनाच्या लग्नात मात्र एक वेगळीच भानगड निघाली. मुलगी पोलीस भरतीत निवडलेली, काटक, हसरी, आणि सासर शहाद्याच्या पलीकडेच. पाठवणीला ती रडणार नाही, असं तिने हळदीलाच जाहीर केलं होतं. "मी काय काळापानीले जाई ऱ्हायनू का?" असं ती म्हणाली आणि तिची आत्या धनुबाई हवालदिल झाली. पोर कोरड्या डोळ्यांनी माहेर सोडते म्हणजे घराण्याचं नाक कापलं जातं, असं धनुबाईचं ठाम मत. तिने भाईदास नानांनाच गाठलं.

"पोर रडनी नही तं लोकं काय म्हनतीन? अशी गिटार वाजाडा नाना, का दगडले पानी सुटी!"

नानांना परीक्षेचा पेपर आयताच मिळाला.

ऊन उतरणीला लागलं तशी पाठवण निघाली. नवरदेवाची गाडी फुलांनी सजवून दारात उभी. मागे बँडचा टेम्पो. आधी अजितने वाजवलं. सूर लख्ख, काचेसारखा, एक तार इकडची तिकडे नाही. लोकांनी मोबाईल वर धरून शूटिंग केलं, एक-दोघांनी माना डोलावल्या. रविना सगळ्यांच्या पाया पडून, करवलीला चिमटा काढून, हसत गाडीत जाऊन बसली. नवरदेव बाहेर मामांच्या तावडीत सापडला होता. धनुबाईने कपाळाला हात लावला.

"हेमकांत, तुन्हा नंबर," नाना म्हणाले.

हेमकांतने डोळे मिटले. माहेर सोडून जाणाऱ्या मुलीची एक जुनी चाल त्याला त्याच्या आईकडून आली होती, दळताना ती गुणगुणायची. तीच त्याने जाड तारांवर हळूहळू घेतली. नवे स्पीकर खोल दणके द्यायला लागले. अशा डब्याला खाली एक गोल भोक असतं, दणक्याबरोबर आतली हवा त्यातून भपकन बाहेर पडते. आणि शहाद्यापर्यंतच्या रस्त्यातल्या खड्ड्यांनी पोत्यांच्या धाग्याधाग्यातून जे काही सुटं केलं होतं, तेही त्या हवेबरोबर निघालं.

पहिल्यांदा धनुबाई रडली. मग तिच्या शेजारच्या. मग नवरदेवाचे मामा. हेमकांतने एक डोळा किलकिला केला, तर आख्खी गल्ली पदराने, उपरण्याने, टोपीने डोळे पुसत होती. त्याचा ऊर भरून आला. अजितसुद्धा रडत होता! हेमकांतने आणखी जोर लावला. लोक हुंदके देता देता ठसकायला लागले, एक आजोबा शिंकत शिंकत भिंतीला टेकले, आणि नवरदेव तर असा भोकाड पसरून रडला की सासरी त्यालाच पाठवताहेत असं वाटावं. मग हेमकांतचेच डोळे झोंबले, आणि त्याला काय ते समजलं. त्याची बोटं थांबली.

नाना नाक धरून टेम्पोवर चढले. डब्याच्या भोकाभोवती बोट फिरवलं, लाल झालेलं बोट जिभेला लावलं आणि ओरडले, "हाई तं नंदुरबारनी मिरची शे!"

गल्लीत रडत्या डोळ्यांनी असा हशा उसळला की मिरवणुकीतल्या घोड्याने कान टवकारले. हेमकांत टेम्पोच्या फळीवर बसून राहिला. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. कोणी रडलंच नव्हतं. नुसते डोळे चुरचुरले होते. संपला आपला बँड, त्याला वाटलं, आणि तेही हसण्यावारी संपला याचं त्याला फार वाईट वाटलं.

नाना खाली उतरले, नवरीची माफी मागायला गाडीकडे गेले. एसी सुरू होता, काचा वरपर्यंत बंद. त्यांनी टकटक केली. काच खाली आली. आत रविना. नाक लाल, काजळ गालांवर ओघळलेलं, मुठीत ओढणीचा बोळा.

"तुलेबी मिरची लागनी का वं बेटा?" नानांनी ओशाळून विचारलं.

"काच बंद व्हती ना, नाना," ती म्हणाली, आणि पुन्हा हुंदका देऊन आईला हाका मारायला लागली.

नानांनी तिला काच वर घ्यायची खूण केली. मग टेम्पोपाशी आले. हेमकांतकडे न बघताच म्हणाले, "त्या पोता काढी टाक. मंगळवारले मोलगी गावले लगीन शे, वखतवर ये."