पिकअपचे दिवे

ब्रेक दाबल्यावर पिकअप आधी सरळ घसरली, मग जराशी तिरकी होऊन थांबली. बंपरपासून हातभर अंतरावर त्याच रस्त्यावर राहणारा सुलो हेक्काला बर्फात उभा होता. हातात फावडं, डोक्यावरची टोपी उडालेली.

ऐली दार ढकलून खाली उतरली.

"लागलं का कुठं?"

"लागलं असतं तर बोलत उभा राहिलो असतो का?" म्हातारा टोपी शोधत म्हणाला. "पोरी, हे दिवे आहेत का काय? मला वाटलं, दोघं जण सिगरेटी ओढत चालत येतायत."

"तुम्ही तरी एवढ्या अंधारात रस्त्यात काय करताय?"

"पत्रपेटी बर्फाखाली गेलीय. बर्फ फेकणारी गाडी येते नि सगळं तिच्यावर टाकून जाते. ब्याऐंशी वर्षांचा झालो म्हणून काय ती दुसऱ्यानं उकरायची?"

पहाटेचे सव्वापाच झाले होते. उत्तर मिशिगनमध्ये जानेवारीत साडेआठशिवाय सूर्य दिसत नाही, आणि सहाला शाळेच्या स्वयंपाकघरातल्या भट्ट्या पेटायला हव्यात. दीडशे पोरांचा नाश्ता आणि जेवण ऐली कुर्तिला एकवीस वर्षं रांधत होती. सव्वीस मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. त्या दिवशी तिने उरलेले चोवीस मैल जीव मुठीत धरून काटले आणि शाळेत कुणालाही काही सांगितलं नाही.

पिकअप नवऱ्याची, तैस्तोची, चौऱ्याऐंशी सालची. तैस्तोने लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं अवजड यंत्रं दुरुस्त केली होती. मागच्या वसंतात त्याला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "मंगळवार." कॉफी हवी असली तरी मंगळवार, पाठ दुखली तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. त्याच्या उपचारांचा विमा ऐलीच्या नोकरीवर चालत होता.

रविवारी मुलीचा, करीनचा, फोन आला तेव्हा ऐलीच्या तोंडून सुलोची गोष्ट निसटली.

"आई, बस झालं आता. नोकरी सोड, ती गाडी भंगारात दे आणि दोघं इकडे या."

"आणि बाबाच्या उपचारांचं?"

"बघू काहीतरी."

"बघू म्हणून भागत नाही, बाळा. आधी दिवे बघते."

शाळेतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून तिने एलईडीचे दिवे मागवून बसवले. पांढराशुभ्र उजेड पडला, पण तो रस्ता सोडून चहूकडे फाकला. समोरून येणारा प्रत्येक जण तिच्यावर दिवे मिचकावत गेला. सकाळी शाळेच्या बसची ड्रायव्हर डार्लीन बुटांचा बर्फसुद्धा न झटकता स्वयंपाकघरात आली. "ऐली, आज मी वीस पोरांसकट खड्ड्यात गेले असते. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं! काढ ते."

संध्याकाळी ऐलीने ते काढले. जुने दिवे परत लावताना घराच्या खिडकीवर ठकठक झाली. तैस्तो काठीने काच वाजवत होता. त्याला बाहेर यायला कोट हवा होता.

तो गॅरेजमध्ये आला, स्टुलावर बसला आणि डाव्या हाताने व्होल्ट मोजायचा मीटर तिच्यापुढे धरला. त्या गॅरेजमध्ये ती अडतीस वर्षांत फक्त 'जेवायला चल' म्हणायला आली होती. एकदा तिने तिथला पाना नुसता उचलला होता, तर दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

त्याने बोटाने दाखवलं तिथे तिने मीटरच्या तारा टेकवल्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट. दिव्यापाशी पावणेअकरा.

"मग बाकीचे कुठे गेले?"

तैस्तोने हवेत बोट फिरवलं. बॅटरीपासून आत, स्टिअरिंगजवळच्या बटणाकडे, तिथून पुन्हा बाहेर, दिव्याकडे. मग चिमूट करून दाखवली: तार एवढीशी.

"म्हणजे वीज अख्खं गाव हिंडून येते आणि येईपर्यंत दमते?"

"मंगळवार," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

त्याने पाकिटाच्या पाठीवर डाव्या हाताने वेडंवाकडं चित्र काढलं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार सरळ न्यायची, मध्ये रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं छोटं बटण, बसवायचा. जुन्या बारीक तारेने फक्त रिलेला हाक मारायची, ओझं जाड तारेने वाहायचं. शनिवारी ऐली भंगारवाल्याकडे गेली आणि गुडघाभर बर्फात मोडक्या गाड्यांची बॉनेटं उघडून दोन रिले काढून घेऊन आली. तार तेवढी नवी घेतली. सगळं मिळून त्या एलईडीच्या चौथाईइतकंही पडलं नाही.

रविवारी सकाळी कामाला लागली. आधी दिव्यांच्या अर्थिंगच्या तारा पत्र्यावरून सोडवल्या. स्क्रूखाली गंजाचा नुसता भुगा. पत्रा चकचकीत होईपर्यंत तिने पॉलिश पेपरने घासला. मग तारांची टोकं. पहिलं तिने पितळी नळीत घालून पकडीने दाबलं, तैस्तोने ओढलं, निघून आलं. दुसरंही निघालं. तिसरं निघालं तेव्हा त्याने ते जमिनीवर भिरकावलं.

"तूच कर मग!" ऐली ओरडली.

तैस्तोने मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा तो पडला होता.

ऐलीने खाली वाकून तार उचलली. "मला उद्याही जायचंय आणि परवाही. नीट दाखव."

त्याने तिच्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि पक्कड किती दाबायची ते दाबून दाखवलं. चौथं टोक ओढूनही निघालं नाही.

दुपारी शेवटची तार बॅटरीला जोडायला ती वाकली तोच काठी पत्र्यावर आदळली. "मंगळवार! मंगळवार!" तो लाल झाला होता. ऐली जागीच थांबली. तार पहिल्यापासून नजरेने तपासत आली आणि तिला दिसलं: फ्यूज बाकावरच राहिला होता.

"घासून तार उघडी पडली असती तर गाडी पेटली असती, हो ना?"

त्याने कपाळाचा घाम पुसला.

उजेड उतरताना तिने पिकअप गॅरेजच्या दारासमोर पंचवीस फुटांवर लावली. दिव्यांच्या उंचीवर दारावर खडूने रेघ मारली. तैस्तो ब्लँकेट गुंडाळून बर्फात खुर्चीवर बसला. ती स्क्रू फिरवायची आणि तो तळहात खाली, आणखी खाली, जरा उजवीकडे करायचा. शेवटी त्याने मूठ मिटली. थांब. उजेडाची वरची कड रेघेच्या जरा खाली, सपाट पडली होती. समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नव्हती.

सोमवारी पहाटे तिला सुलो वळणावरूनच दिसला, फावड्यासकट. ती निवांत वेग कमी करत त्याच्याजवळ थांबली.

"तैस्तोनं केलं?" त्याने विचारलं.

"मी केलं. त्यानं सांगितलं."

"बोलतो आता?"

"बोटानं."

शाळेत ती वीस मिनिटं आधी पोचली.

तिसऱ्या प्रहरी घरी परतली तेव्हा गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रंगाने काढलेली रेघ होती आणि तैस्तो डाव्या हाताने पक्कड तिच्या आकारात टांगत होता. खिळा सापडत नव्हता. पक्कड दोनदा खाली पडली. दोन्ही वेळा तो काठीवर भार देऊन वाकला, उचलली, पुन्हा हात वर नेला. बाकावर अजून पाच हत्यारं होती.

ऐली आत गेली नाही. खांद्यावर बर्फ साठत होता, तरी ती पाचवं हत्यार टांगलं जाईपर्यंत दाराबाहेर उभी राहिली. मग पाऊल जोरात वाजवत आत शिरली आणि म्हणाली, "जेवायला चल."