बाबांचा होकार

यमुनानं पोळी तव्यावरून उचलली आणि पुन्हा खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. जयंतची गाडी अजून आली नव्हती. त्याचं साउथॅम्प्टनचं हॉस्पिटल म्हणजे काही नॉटिंगहॅमच्या या घराशेजारी नव्हे, पण आज इतक्या आठवड्यांनी येणाऱ्या नवऱ्याला उशीर झाला तर तिला हवाच होता.

मीनल टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. सोळा वर्षांची पोर, सप्टेंबरात केमिस्ट्री सोडून हिस्टरी घेतलेली. केमिस्ट्री नाही म्हणजे मेडिसिन नाही, आणि लेकीला डॉक्टर करायचं हे जयंतनं ती पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. "बाबा हो म्हणालेत," असं यमुनानंच तिला सांगितलं होतं. जयंतला विचारायचं मात्र यमुनाच्या जिवावर आलं होतं. रविवारी त्याचा फोन आला की बिल वाढतंय म्हणत ती रिसीव्हर मुलीच्या हाती टिकूच देत नसे.

तसं हे काही नवं नव्हतं बाई! जयंत नोकरीपायी सदा दूर. शाळेची ट्रिप असो की नवा सोफा, ठरवायची यमुना आणि वर म्हणायची, "हे हो म्हणालेत." घरात शब्द पुरुषाचा राहावा, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं.

"आई, या बुकातला किंग ना, क्रुसेडला गेला, म्हणजे लांब रिलिजनच्या वॉरला," मीनल म्हणाली. "मग बाकीचे लोक त्याच्या नावानं कंट्री चालवायचे."

"त्याला विचारून?"

"कसं विचारणार? लेटर पोचायला मंथ्स लागायचे."

"आणि परत आल्यावर?"

"आल्यावर आपल्या नॉटिंगहॅमच्या कॅसलवरच आर्मी घेऊन आला. आतले लोक त्याच्या ब्रदरचे झाले होते ना."

यमुनाची नजर पुन्हा खिडकीकडे गेली. तव्यावरची पोळी करपली.

तेवढ्यात दार वाजलं. जयंतचा कोट निघायच्या आत मीनल त्याच्या गळ्यात पडली.

"बाबा, थँक यू! हिस्टरीला हो म्हटलं तुम्ही. मला वाटलं, तुम्ही ऐकणारच नाही."

जयंत एक बाही काढून तसाच उभा राहिला. त्यानं यमुनाकडे पाहिलं. लाटणं हातात, तोंडचं पाणी पळालेलं. मग लेकीकडे पाहिलं. इतकी खुललेली ती त्याला कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

"म्हटलं ना," तो सावकाश म्हणाला. "नीट अभ्यास कर म्हणजे झालं."

मीनल आपला निबंध आणायला वर पळाली. यमुनानं पान वाढलं.

"चिडलात?"

"हो."

जयंतनं पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. शेजारची खुर्ची त्यानं पायानं पुढे सरकवली.

"बस," तो म्हणाला. "मी आणखी कशाकशाला हो म्हटलंय, ते एकदा सांगून ठेव मला."

यमुनानं गॅस बंद केला.