दाणा खाचेच्या तळाशी

ओरेस्तेमामा वारला आणि त्याची १८९१च्या नमुन्याची लांबलचक फौजी बंदूक माझ्या नावावर झाली, तेव्हा गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पोटात दुखलं. मी शाळेची बस चालवते, सेहेचाळीस वर्षांची आहे, आणि तोंडाची फटकळ आहे हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. दोन वर्षं बंदूक कुलपात पडून होती. मग यंदा बर्फ वितळल्यावर मी नेमबाजीच्या क्लबात गेले आणि सांगितलं, नदीपलीकडच्या गावाशी होणाऱ्या सामन्यातली चौथी जागा मला हवी.

त्या सामन्यात फक्त जुन्या फौजी बंदुका चालतात, त्याही कारखान्यातून निघाल्या तशाच. कानस एकदा जरी फिरली तरी बाद. हरलेल्या गावाने जिंकलेल्यांना पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, घोटून वाढायची, आणि गेली चार वर्षं घोटणारे आम्हीच आहोत. तीन जागा ठरलेल्या होत्या. चौथीवर एलिओचा डोळा होता. एलिओ सुतार, माझ्याच वर्गातला, दिवसाला दहा शब्द बोलणारा. क्लबाचा प्रमुख एर्मेसकाका म्हणाला, शनिवारी दोघांनी शंभर मीटरवर सहा-सहा गोळ्या मारा, ज्याचे गुण जास्त त्याची जागा. एवढ्यावर थांबावं की नाही मी? नाही जमलं तर मामाची बंदूक नळी बुजवून क्लबाच्या भिंतीवर टांगा, असं मी चारचौघांत बोलून बसले.

मामा त्या बंदुकीने वीस वर्षं संघात खेळला होता. पण ती मारते कशी, हे कुणालाच कळलं नव्हतं. इतर कुणी हातात घेतली की गोळी निशाणाच्या डोक्यावरून जायची. मामाला विचारलं तर तो टोपी डोळ्यांवर ओढायचा आणि वाइन मागवायचा. तो जिवंत असताना मी एकदाही मैदानावर गेले नव्हते. म्हाताऱ्यांचे पोरखेळ म्हणून नाक मुरडत होते.

काडतुसं मात्र मामाने ठेवली होती. पत्र्याच्या डब्यात, १९३७ सालची, सहा-सहाच्या पितळी क्लिपमध्ये बसवलेली, अजून चकचकीत. आमच्याकडे असा डबा घरटी एक निघतो, आणि आजोबांची काडतुसं आजोबांच्या बंदुकीला ओळखतात अशी जुनी समजूत आहे. मी डबा मिरवत एर्मेसकाकाकडे नेला. त्याची अर्धी हयात फौजेच्या शस्त्रशाळेत गेलेली. त्याने एक काडतूस भिंगाखाली धरलं आणि मानेवरची केसाएवढी चीर मला दाखवली. मग चिमट्याने गोळी उपसली. आत हिरवा गंज आणि गोळा झालेली दारू.

"पोरी, चाप ओढल्यावर हे कदाचित लगेच उडेल," तो म्हणाला, "आणि कदाचित का उडालं नाही म्हणून तू मागचा बोल्ट उघडून आत बघायला वाकशील, तेव्हा उडेल."

डबा त्याने तिथल्या तिथे ताब्यात घेतला आणि पोलिस ठाण्यात जमा केला. मला वाईट वाटलं, पण डोळे दोनच असतात.

मग मी शहरातून नवी काडतुसं आणली. खोक्यावर साडेसहा मिलिमीटर लिहिलेलं, बंदुकीच्या कागदावरही साडेसहा. मला वाटलं, झालं काम. एर्मेसकाकाने आधी बोल्टवरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, मापाचा तुकडा घालून काडतुसाची जागा तपासली आणि नळीतून उजेड बघितला. मग बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला करकचून बांधली, चापाला दोरी लावली आणि आम्ही दोघं भिंतीआड बसलो. दोरी मी ओढली. धाड झालं आणि मला इतका आनंद झाला की मी म्हाताऱ्याची पप्पी घेतली. शंभरी गाठलेली म्हातारी पहिल्या हाकेला उठून उभी राहिली होती.

आनंद अर्धा तास टिकला. मी आडवी पडून मारायला लागले आणि कागदावर भोकं अशी पडली, जसा कोंबड्यांपुढे मका फेकावा. एक वर, एक डावीकडे, एक गोळी तर आडवी घुसलेली. एर्मेसकाकाने उरलेल्यातलं एक काडतूस उघडून गोळी मापली. या नमुन्याचं नावच तेवढं साडेसहा, तो म्हणाला. नळीच्या आतल्या खोबणीचं माप सहा पॉइंट आठ असतं. बाजारातली गोळी त्याहून बारीक, म्हणून ती नळीत सैल पळते. जाड गोळ्या त्याच्याकडे तेराच होत्या, बाकीच्या सामन्यापर्यंत यायच्या होत्या. त्या त्याने नवीन पितळात, दारू थोडी हात राखून, स्वतः भरून दिल्या. एक टायरवर गेली. बारा उरल्या. सहा नेम बसवायला आणि सहा मोजणीच्या.

शनिवारी सकाळी मैदानावर अख्खा क्लब जमला होता. कुणी वाइन आणलेली, कुणी सॉसेज भाजत होतं. एलिओने आपल्या चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या जुन्या बंदुकीने निवांत सहा मारल्या. साठपैकी एक्कावन्न. मला बावन्न हवे होते.

मी मागची पट्टी पुढे आडवी पाडली, कारण या बंदुकीत तोच सगळ्यात जवळचा नेम. मागे खाच, नळीच्या टोकाला दाणा. दाण्याचा शेंडा खाचेच्या वरच्या कडेला लावला, जसं सगळं जग लावतं, आणि काळ्या वर्तुळाच्या बुडाशी धरला. पहिली क्लिप, नेम बसवायची. खांद्यावर दणका, शेवटचं काडतूस नळीत गेलं आणि रिकामी क्लिप खालून टणकन पडली. दुर्बिणीतून बघणारा एर्मेसकाका ओरडला की सहाही एका बशीखाली झाकतील. मी उठून नाचायच्या बेतात होते. मग तो म्हणाला, बशी मात्र वर्तुळाच्या वीतभर वर आहे.

सगळे हसले. कुणी म्हणालं देवदूतांना लागलं असेल, कुणी म्हणालं दाणा उंच करून घे, डाग दे त्यावर. डाग दिला की बंदूक बाद, हे त्यालाही माहीत होतं. वर्तुळाच्या खाली पांढऱ्यात कुठेतरी अंदाजाने धरून बावन्न होत नाहीत. माझे कान तापले. मी बंदूक सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, "टांगा हिला भिंतीवर. जन्माची वाकडी आहे."

हसणं चालूच होतं. एलिओ तेवढा हसला नाही. तो सॉसेजचा पाव हातात घेऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"वाकडी नाहीये ती," तो हळू बोलला. "दाणा खाली बुडव. खाचेच्या तळाशी, नुसता शेंडा दिसेल इतका. फौजेत एर्मेसकाकाच्याही आधीच्या काळी तसंच शिकवायचे. तुझा मामा तसाच मारायचा."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि सकाळपासून गप्प बसलास?"

"हो," तो म्हणाला आणि पाव खायला लागला.

मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. पण त्याहून जास्त घाई बोटांना सुटली होती. दुसरी क्लिप वरून दाबली, ती खट्‌कन बसली. गाल दस्त्याला लावला. खाच, आणि तिच्या अगदी तळाशी मोहरीएवढा शेंडा. इतकं कमी दिसत होतं की विश्वासच बसेना. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. एर्मेसकाकाने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. दुसरी. तिसरी. मागचं हसणं बंद झालं होतं. चौथीला मी घाई केली, ते मला तेव्हाच कळलं. पाचवी. सहावीला डोळ्यात घाम उतरला, तर मी डोकं उचललं, बाहीने पुसलं, पुन्हा तळाशी शेंडा शोधला आणि मगच मारली.

आमच्याकडे कागद प्रतिस्पर्ध्याने आणायचा आणि मोठ्याने त्यानेच वाचायचा, अशी रीत आहे. त्याचं वाचणं शेवटचं, त्यावर वाद नाही. एलिओ शंभर मीटर चालत गेला, चालत आला. एवढा सावकाश माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

त्याने कागद उजेडात धरला. "दहा. नऊ. दहा. सात." सात ती चौथी. "नऊ." मग त्याने शेवटच्या भोकावरचा अंगठा सरकवला. "आठ. एकूण त्रेपन्न."

मग जो काय कल्ला झाला. एर्मेसकाकाने टोपी उडवली, सॉसेज जळले, पोलेंता या वर्षी नदीपलीकडचे घोटणार असं बाया टाळ्या पिटून म्हणू लागल्या, आणि मी वेड्यासारखी हसत प्रत्येकाला मिठी मारत सुटले. एलिओ आपली बंदूक पिशवीत भरत होता. मी त्याला गाठलं. जागा हातची घालवलीस, गप्प राहिला असतास तर तुझी होती, सांगितलंस कशाला, असं मी विचारलं.

त्याने पिशवीचा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

"दवाखान्यात शेवटी त्याने मला निरोप दिला होता," तो म्हणाला. "माझी भाची निवेस एक दिवस मैदानावर येईल, ती आली की तिला हे सांग. दोन वर्षं झाली. मला वाटलं, तू काही येत नाहीस. आता आलीस, तर जागा मलाही हवी होती, माझीच जीभ रेटेना."

मामाला मी विसाव्या वर्षापासून म्हाताऱ्यांचे पोरखेळ म्हणून चिडवत आले होते, आणि तो माझी वाट बघत होता. माझं हसू तिथल्या तिथे रडू झालं, सगळ्यांदेखत. एलिओने खिशातून लाकडाचा भुसा लागलेला रुमाल काढून दिला. मी नाक पुसलं आणि त्याला म्हटलं, सामन्याच्या दिवशी माझ्या शेजारी बस, दुर्बीण घेऊन, आणि मी चुकले तर या वेळी लगेच सांग. तो बरं म्हणाला.