दहावी शेळी

वर्षातून एकदा, ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी, हेमचंद्र ससाणे गळ्यात टाय बांधून आणि पायांत गमबूट घालून शेळ्या मोजायला उभे राहत. टाय देवासाठी, गमबूट शेळ्यांसाठी. सत्त्याण्णव सालच्या त्या शनिवारीही ते तसेच फाटकाशी उभे राहिले. त्यांची एकुलती एक मुलगी मेधा टॅम्पिनीसच्या लायब्ररीतून रजा काढून, एक एमआरटी मेट्रो आणि दोन बस बदलून आली आणि कळपाच्या मागे जाऊन उभी राहिली.

सिंगापूरच्या उत्तरेला, लिम चू कांगला, भाड्याच्या जमिनीवर ससाण्यांचा शेळ्यांचा फार्म होता. शेळ्या अरुंद बोळातून एकेक करून फाटकाबाहेर यायच्या, पपा काठी आडवी धरून मोजायचे, आणि दहावी आली की तिच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचे. ती देवाची. ती विकायची नाही, तिचं दूधही विकायचं नाही. लोक दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, नोटांत देतात तो त्यांचा प्रश्न, बायबलच्या शास्त्रात काठीखालून जाणारं दहावं जनावर असं स्वच्छ लिहिलंय, असं पपांचं म्हणणं होतं.

शास्त्रात आणखी एक अट होती. चांगलं-वाईट निवडायचं नाही. कुणी अदलाबदल केलीच, तर दोन्ही जनावरं देवाची. मोजणीआधी पपा ही अट दर वर्षी मोठ्याने वाचून दाखवत, आणि दर वर्षी मेधा जमिनीकडे बघत राही. कारण वयाच्या अकराव्या वर्षापासून ती अदलाबदल करत आली होती.

पहिल्यांदा केली ती प्रेमापोटी. कस्तुरी नावाच्या करडाला विकू नये म्हणून तिने त्याला बरोबर दहाव्या जागी ढकललं. पुढे ती हिशेबी झाली. कमी दुधाच्या, लंगड्या, शिंगं मारणाऱ्या, अशा सगळ्या दहाव्या येऊ लागल्या.

"देवाच्या वाट्याला सगळा भंगार मालच कसा जातो हो?" आई विचारायची.

"तो दयाळू आहे, संजीवनी. आपली ओझी उचलतो," पपा गहिवरून म्हणायचे.

देवाने ओझी उचलली खरी, पण चारा ससाण्यांनाच घालावा लागे. शिवाय देवाच्या शेळीची करडंही देवाचीच. त्यातले बोकड दर नाताळला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जात, माद्या मात्र फार्मवर राहत. आणि देवाचा कळप बाजूला काढून उरलेल्यांतून दर वर्षी पुन्हा दहावा हिस्सा निघे. "अहो, आयकरवालेसुद्धा एका पैशावर एकदाच घेतात," आई म्हणे. वीस वर्षांत अशी वेळ आली की देवाच्या शेळ्या एकसष्ट आणि ससाण्यांच्या अठ्ठेचाळीस.

पहिल्या वर्षी पपांनी देवाच्या चार शेळ्या पिकअपमध्ये घालून थेट चर्चला नेल्या होत्या. तिथले पाळकसाहेब चिनी, मवाळ माणूस. ते पायरीवर येऊन म्हणाले, "मिस्टर ससाणे, कॅनॉट लाह, नाही जमणार. आमच्याकडे फक्त कार पार्क आहे." तोवर एका शेळीने संडे स्कूलच्या कागदी फुलांचा हार निम्मा संपवला होता. दानशूर माणसाने दान परत घरी आणलं आणि देवाच्या वतीने सांभाळायला घेतलं.

पपा मूळचे नगरकडचे. बोटीवर इंजिनियर होते. ऑस्ट्रेलियाहून मेंढ्या आणणाऱ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्यांनी सहा वर्षं काढली. डोक्यावर तीन मजले मेंढ्या. त्या ओरडायच्या थांबल्या की मला झोप लागत नसे, असं ते सांगत. हात भाजला म्हणून एकदा रजेवर नगरच्या मिशन दवाखान्यात गेले, तर पट्टी बांधणारी नर्स म्हणाली, "हलू नका, तुम्ही बोकडासारखे धडपडता." तीच आई. पपांनी ती गोष्ट लग्नानंतर छत्तीस वर्षं स्तुती म्हणून सांगितली.

मोजणी संपली. या खेपेला पाच दहाव्या निघाल्या, त्यातली एक आंधळी. पपांनी ब्रश रॉकेलात बुडवला.

"पपा," मेधा म्हणाली. या वेळी सांगायचंच, असं ती ठरवून आली होती.

"बोल."

"काही नाही. टायला रंग लागलाय."

"लागू दे. देवाचाच रंग आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना क्वीन्सटाउनला, म्हणजे तासाभराची वाट. पपा साडेसातला पिकअपमध्ये जाऊन बसायचे आणि तीनदा हॉर्न वाजवायचे, आई आतून ओरडायची, "आले, आले, देव कुठे पळून चाललाय का!" त्या दिवशी आईने साडी नेसली, पिना लावल्या, ब्रोच शोधला, चपला घातल्या, तरी हॉर्न वाजला नाही.

"आज यांना झालंय तरी काय?" ती म्हणाली.

मेधा बाहेर गेली. पपा स्टिअरिंगमागे बसले होते. किल्ली लावलेली होती, हात मांडीवर होते. तिने त्यांची टाय सरळ केली, आणि मग आईला बोलवायला आत गेली.

अंत्यविधीला बरेच लोक आले. नातवाच्या दम्यासाठी दूध नेणारी एक चिनी आजी मेधाचा हात धरून इंग्रजीत म्हणाली, "तुझे वडील फार सज्जन. त्यांच्या दुधाला बोकडाचा वास नव्हता." त्या दिवशीचं सर्वांत खरं वाक्य तेच, असं मेधाला वाटलं. पाळकसाहेबांनी प्रवचनात पपांच्या दशांशाचा उल्लेख केला. इतका निर्मळ दशांश मी पाहिला नाही, म्हणाले. आईने मान डोलवली. मेधाने उपासनेच्या गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या फिश फार्मचे कोह अंकल फाटकाशी आले. हातात पपयांची पिशवी. त्यांना मासे सोडून शेळ्यांत पडायचं होतं. सगळा कळप घेतो, शेडसकट, म्हणाले.

"अठ्ठेचाळीस घ्या," आई म्हणाली. "लाल पट्ट्याच्या देवाच्या आहेत. त्या विकायचा अधिकार मला नाही."

"आंटी, अर्धा कळप घेऊन मी काय करू? बाकीच्यांना कोण बघणार?"

"मी."

कोह अंकलनी मेधाकडे पाहिलं. "शनिवारपर्यंत सांग, हां? तुझ्या गॉडला पण विचार," ते म्हणाले आणि पपया ठेवून गेले.

आई त्रेसष्ट वर्षांची. गुडघे गेलेले. मेधाकडे राहायला यायला ती तयार नव्हती असं मुळीच नाही. फोनवर तिने चारदा विचारलं होतं, "तुमची लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबते ना गं? का आठव्यावर उतरून जिना चढायचा?" पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेही तिचं ठरलं होतं. फक्त एकसष्ट लाल पट्टे आडवे आले होते.

ते पट्टे खोटे आहेत, एवढं सांगितलं की आई सुटणार. पण मग पपांचा दशांशही खोटा ठरणार. वीस वर्षांत एकही पट्टा देवाने निवडलेला नाही. आणि अदलाबदलीची ती अट शब्दशः धरली तर त्यांच्या उरलेल्या अठ्ठेचाळीसही देवाच्या होतील, आणि आई एकशे नऊ शेळ्यांना बांधली जाईल. मेधाने लायब्ररीत बसून या विषयावर तीन जाडजूड भाष्यं चाळली. मुलीने बापाला फसवलं तर काय करायचं, यावर तिन्ही पंडित गप्प होते.

शुक्रवारी संध्याकाळी आई धारा काढत होती. मेधा समोर उकिडवी बसली.

"आई, त्या देवाच्या नाहीत."

"कुठल्या?"

"लाल पट्ट्याच्या. रांगेत कोण कुठे, ते मी ठरवायचे. मागून ढकलून."

आईचा हात थांबला नाही. "लंगडी तारा?"

"मीच."

"मला पाडलं ती? ती शिंगाळी?"

"ती पण."

"आणि परवाची आंधळी?"

"हो."

"तरीच म्हटलं, देवाची निवड इतकी माझ्यासारखी कशी," आई म्हणाली. मग हात थांबला. तिने बादली बाजूला ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. "यांना सांगितलंस?"

"नाही."

"वीस वर्षांत एकदाही?"

"दर वर्षी सांगणार होते."

"मग?"

शेळीने वळून दोघींकडे पाहिलं. मेधा उभी राहिली. ती अशा आवाजात बोलली की शेडच्या पार टोकाला ऐकू जावं, जणू ज्याला सांगायचं तो तिथेच कुठेतरी चारा टाकत होता.

"पपा, तुम्हाला वर्षभर माझं काही लागायचं नाही. मी काय वाचते, कुठे राहते, एकटी का राहते, तुम्ही कधी विचारलं नाहीत. पण मोजणी आली की आठवडाभर आधी तुमचा फोन यायचा, तू आल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही म्हणून. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा बोलावलं नसतं. म्हणून मी गप्प बसले. तुमच्या देवापेक्षा मला तो फोन जास्त हवा होता."